जुन्या युनिफॉर्मची फिटिंग

दोन हजार पाचच्या सुमारास दौंडमध्ये एअर होस्टेसचा एक क्लास निघाला होता. माझं शिलाईचं दुकान त्याच्याच खाली. एका दुपारी क्लासच्या मॅडम गाठोडं घेऊन आल्या. हवाईसुंदरींचा पोशाख कसकसा बदलत गेला, ते त्यांना गॅदरिंगमध्ये दाखवायचं होतं. साठच्या काळातली साडी आणि कोपरापर्यंत बाह्यांचं ब्लाउज, नंतरचा आखूड कुर्ता, आणि नव्वदचं जाकीट-स्कर्ट. सगळे मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेले.

"रश्मीताई, मुलींच्या मापाचे करून द्या. धुऊ मात्र नका, रंग जातील."

त्या गेल्यावर मी गाठ सोडली. आंबलेल्या दुधाचा असा भपकारा आला की मी दाराशी जाऊन उभी राहिले.

मग नाकाला पदर लावून मापं घेतली. तिन्ही कपड्यांची फॅशन वेगळी, कापड वेगळं, शिवणारा हात वेगळा. कितीतरी वर्षांचं अंतर त्यांच्यात. पण माप तेच. एकाच बाईच्या अंगावर बेतल्यासारखं. अस्तरावर छातीच्या जागी पिवळे, कडक झालेले डाग. मी नखानं खरवडलं तर वरची खपली निघाली, आणि खाली ओलं होतं.

जाकीट उसवून बारीक केलं. दोरा दातानं तोडायची माझी सवय. तोडला, आणि जिभेवर काहीतरी चिकट, नासकं आलं. कोमट होतं ते! मी गटारीवर बसून ओकले.

वर जाऊन मॅडमना म्हटलं, "हे कुणाच्या अंगावर घालू नका."

"अहो, सेंट मारू की," त्या हसल्या.

जाकीट घालायचं होतं क्लासमधल्या पूनमनं. वडगाव रासाईच्या तात्याबांची ही लेक. त्यांच्या भावकीत बारावीच्या पुढं गेलेली पहिली मुलगी. दौंडला आत्याकडं राहायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती फिटिंगला आली. मी तिला जाकीट देईना.

"मावशी, वास तर कसलाच येत न्हाई," तिनं ते नाकाशी धरलं. "मॅडमनी दुसरीला दिलं तर? द्या हो."

ती पडद्याआड गेली आणि लोडशेडिंगची लाईट गेली. मी चिमणी लावली. आतून ओलं कापड ओढल्यासारखा आवाज येत होता.

"झालं का गं?"

"मावशी… बटनं निघनात."

मी पडदा सारला. काडीसारखी पोरगी, पण मी बारीक केलेलं जाकीट छातीवर तटतटलं होतं. त्यावर दोन ओले डाग पसरत होते. थेंब फरशीवर पडत होते… पांढरे.

"काढा हे… मावशी, काढा…"

मी कात्री चालवली. तापल्या दुधावरची साय ओढावी तसं कापड अंगावरून सुटत गेलं. तारा लोंबल्या. खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली. मी तिला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं. त्याच रात्री ते तिन्ही कपडे जाळले. उतू गेलेलं दूध करपावं तसा वास गल्लीभर झाला. मॅडम भांडल्या, भांडू दिलं.

सकाळी सखूबाई, पूनमची आई, गावाहून आली. डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं, आधारासाठी मलाही.

"मुलीचं बाळंतपण लपवायचं कशाला? पोटावर ऑपरेशनचे टाके आहेत. निदान दहा वर्षांचा व्रण आहे."

"एकोणीस वर्षांची हाय ती, बाई," सखूबाई पुढं सरकली. "दिवाळीला मी सोता तिला उटणं लावलंय. तवा काय न्हवतं…"

डॉक्टरीणबाईंनी चादर बाजूला केली. बेंबीखालून गेलेली ती निस्तेज, जुनी शिवण मीही पाहिली. पूनम खिडकीकडं बघत पडली होती. आमच्याकडं तिचं लक्षच नव्हतं. बघता बघता तिचा हात खाली गेला आणि ती सावकाश तो व्रण खाजवू लागली. न पाहता. वर्षानुवर्षांची सवय असावी तशी.