गल्लीच्या टोकाचं धुकं

वरच्या खोलीतून टकटक यायची. खाली माझं शिलाई मशीन चालायचं, वर राहणाऱ्या दोघा भावांतल्या थोरल्याची बोटं कॉम्प्युटरवर. पोरांनो, त्याला बरीच वर्षं झाली.

थोरल्यानं एक व्हिडिओ गेम केला, तो फार गाजला. मग एका संध्याकाळी तो घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. कुणी त्याच्याबद्दल 'होता' म्हटलं, की त्याची बायको हळूच म्हणायची, "आहेत."

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. दिवे लागले होते. धाकट्या भावाची उसवलेली पँट शिवून द्यायला मी वर गेलो. तो थोरल्याचा गेम नव्या इंजिनवर चढवत होता.

"म्हणजे जुना कोट उसवून नव्या मशीनवर शिवायचा," मी म्हटलं.

"तसंच, काका. फक्त तुमच्यासारखं 'उद्या या' म्हणत नाही मी."

त्याची वहिनी दाराशी उभी होती. "काढलंत का धुकं, भाऊजी?"

त्या गेममध्ये एक गल्ली होती आणि टोकाला कायम धुकं. जुन्या कॉम्प्युटरला लांबचं चित्र पेलायचं नाही, म्हणून दादानं ते झाकलं, अशी धाकट्याची समजूत.

"काढलं. पलीकडे नुसती कोरी जागा असणार. बघा."

त्यानं बटण दाबलं. धुकं विरत गेलं.

टोकाला कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

"हा कुणी काढला रे?"

"कुणीच नाही, काका... यात माणूसच नाहीये."

डावा खांदा उतरता. थोरल्याचे कपडे शिवताना त्या खांद्याला मी दर वेळी आतून जाड पट्टी लावायचो.

वहिनी पुढे आली. अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"अहो..."

तो वळला.

धाकट्यानं वायर उपटली. स्क्रीन काळी झाली. खोलीतला बल्ब मात्र जळत होता.

स्क्रीनच्या काचेवर वाफ धरली. वाफेत पंजा उमटला. उजवा. धाकट्यानं बाहीनं पुसला. पुन्हा पुसला. काच कोरडी होती... पंजा तसाच. आतून.

वहिनीनं त्यावर आपला हात टेकवला. पाची बोटं जुळवून. कितीतरी वेळ.

मग हात काढला. माझ्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं.

आता 'आहेत' म्हणायची तिला गरज उरली नव्हती. ती जिना उतरून गेली.