न खोदलेला बोगदा

रघुवीर अनगोळात राहायचा आणि जमिनीच्या उंच्या मोजायचा. वीस वर्षांत त्यानं रस्ते मोजले, कालवे मोजले, पुलांचे पाये मोजले. निपाणीच्या पश्चिमेला चिंचमाळाच्या डोंगरात चांदीच्या शोधासाठी एक लहानसा बोगदा काढायचा होता. खोदाईआधी वरच्या जमिनीची मापं घेऊन ठेवा, असं बेंगळूरच्या कंपनीनं सांगितलं आणि त्यानं काम घेतलं.

काम साधं होतं. बोगदा जिथून जाणार त्या रेषेवर, डोंगरापासून वस्तीपर्यंत, वीस-वीस मीटरवर बारा लोखंडी खुंट्या काँक्रीटमध्ये बसवायच्या आणि दर बुधवारी त्यांची उंची वस्तीतल्या शाळेच्या पायरीशी ताडून बघायची. पुढं खोदाईनं जमीन खचली, तर खुंट्यांवरून कळणार होतं. बारावी खुंटी कलगोंडा पाटलांच्या अंगणात, उंबऱ्यापासून चार हातांवर आली.

कलगोंडा आप्पा सत्तरीचे. तंबाखूचं शेत, दोन म्हशी आणि पद्मावती आक्का. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. बुधवारी रघुवीरलाही त्यांच्यासोबत पान असायचं.

"खणायला कवा लागणार?" आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"परवानगीच आलेली नाही, आप्पा. वर्ष तरी जाईल."

"आनि रेघ आमच्याच घराखालनं?"

रघुवीरनं भाकरीचा तुकडा मोडला. आधीची रेघ शाळेखालून जात होती. ती वळवून त्यानंच इकडं आणली होती.

तिसऱ्या बुधवारी पहिली खुंटी आठ मिलिमीटर खाली गेलेली दिसली. त्यानं यंत्र पुन्हा लावलं, पुन्हा मोजलं. आठच. वहीत त्यानं 'यंत्राची चूक' असं लिहिलं. पुढच्या बुधवारी दुसरी आणि तिसरी खचली. त्याही आठच. बोगदा झाल्यावर जमीन किती बसेल, ते त्यानं स्वतः अहवालात लिहिलं होतं: आठ मिलिमीटर.

तो डोंगरापाशी गेला. बोगद्याचं तोंड ठरलं होतं तिथं करवंदीची जाळी होती आणि त्याची स्वतःची चुन्याची खूण. खुणेवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. त्यानं कंपनीतल्या अभिनंदनला फोन लावला. "कुणी काम सुरू केलंय का?"

"काय बोलताय सर! कागद अजून माझ्याच टेबलावर आहेत."

आवाज पहिल्यांदा आक्कांना आला. ताटातली आमटी थरथरते म्हणून त्यांनी सारवलेल्या जमिनीवर तळवा टेकला, आणि मग रघुवीरलाही टेकायला लावला. ठक्. ठक्. मग थोडी उसंत. मग पुन्हा ठक्. घाई नव्हती. रोजच्या कामाला लागलेल्या माणसाचा तो ठेका होता.

"रोज असंच?"

"सकाळी आठापासनं. बारा ते एक बंद. मग पुन्यांदा." आक्का जमिनीकडं बघत कानडीत पुटपुटल्या, "बंदरु." आले.

आप्पा मात्र दुसऱ्याच विचारात होते. "खणत्यात म्हंजे दगड निघत असणार. त्यो कुठं टाकत्यात रं?"

रघुवीर सगळीकडं हिंडून आला. डोंगरावर, ओढ्यात, शेतात कुठंही नवा खडा पडलेला नव्हता.

दहावी खुंटी खचली त्या दिवशी त्यानं वही आप्पांसमोर ठेवली. रेघ कुणी वळवली तेही सांगितलं. आप्पांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं.

"शाळा वाचवलीस, बरं केलंस," ते म्हणाले. "पर तवाच सांगायचंस."

"आता तरी निघा, आप्पा. दोघंही."

आक्का निपाणीला भावाकडं, श्रेयांसकडं गेल्या. आप्पा हलले नाहीत.

"म्हशी कुनाच्या भरवशावर टाकू? आनि मी गेलो तर त्यांस्नी वाटंल, घर मोकळं झालं."

पुढच्या बुधवारी रघुवीर सकाळी नऊलाच पोचला. अकरावी खुंटी आठ मिलिमीटर खाली. अंगणातली बारावी केसभरही हलली नव्हती. जमिनीला कान लावला. काहीच नाही.

म्हशी मात्र ओरडत होत्या. कासा तटतटलेल्या. दार आतून बंद.

त्यानं दार ढकललं. कडी लावलेलं दार थोडं तरी हलतं. हे हललंच नाही. भिंत ढकलावी तसं.

शेजारचा भरमू छपरावर चढला. चार कौलं काढून त्यानं आत पाहिलं आणि खाली उतरून बसला.

मग रघुवीर चढला.

घर दगडांनी भरलं होतं. तुळयांपर्यंत. नुकते फोडलेले दगड, धारदार कडांचे, ओले. कुठं कुठं करडी चमक. कधीच उजेड न पाहिलेल्या मातीचा वास वर येत होता.

उपसायला दोन दिवस लागले; तोवर आक्कांना निपाणीलाच थांबवलं. खाली सारवण जसंच्या तसं निघालं, आक्कांच्या बोटांच्या कमानींसकट. कुठं भेग नव्हती. आतली कडी लागलेलीच होती.

आप्पा नव्हते.

अंगणातला ढीग रघुवीरनं सवयीनं मोजला. खुंट्यांखालच्या सगळ्या बोगद्याचा दगड याच्या सातपट तरी निघायला हवा होता. त्यानं आकडे पुन्हा मांडले. सातपटच.

तेवढ्यात फोन वाजला. आक्का.

"रघुवीरा, हिथं कोठीच्या खोलीचं दार उघडंना झालंय. श्रेयांस म्हणतोय, लाकूड फुगलं असंल."

उन्हानं अंगण तापलं होतं. तो ढिगापासून मागं सरकला.

"आक्का, कुणी आत आहे?"

"न्हाय. समदी बाहीरच हायती. पर दाराखालनं पानी याय लागलंय. लई गार."

"घर सोडा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना रस्त्यावर आणा."

पलीकडं आक्का वाकल्या असाव्यात; बांगड्या किणकिणल्या.

"पान्याबरुबर ह्यांचा चष्मा आला रं बाहीर," आक्का हळूच म्हणाल्या. "काचा धड हायती. आत्ताच कुनीतरी पुसल्यागत."