दहा मीटरच्या आत

शेवटी तिने काळा सेट घेतला आणि तो बदलून देणाऱ्या माणसाशी लग्न केलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. अजून कुणी कुणाला पाहिलेलंसुद्धा नाही. ती दुकानाच्या दारात उभी आहे, हातात एक चिठोरा आहे आणि चिठोऱ्यावर तीनच शब्द आहेत... ‘आवाज न करणारा’. लग्नाबिग्नाचा कुठे मागमूस नाही.

दुकानात तीन काउंटर होते. दोन काउंटरांसमोर रांगा. तिसऱ्यावर पाटी होती, ‘वस्तू बदलून मिळतील’, आणि पाटीखाली एक तरुण बसला होता. त्याच्याकडे लोक फक्त भांडायला येत. आत्ताच एक काका त्याला इस्त्रीवरून उभं-आडवं झापून गेले होते. त्याच्या बाहीला चिकटपट्टीचा तुकडा चिकटला होता आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. दुकानात सगळे त्याला बदलीवाला म्हणत.

रांग नाही म्हणून ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मला आवाज न करणारा हवाय.”

त्याने मान वर केली. “कोण?”

“कीबोर्ड. माउससकट. बिनतारी.”

“हां...” तो म्हणाला, आणि का कोण जाणे, जरासा हिरमुसला. “विक्री तिकडे. मी फक्त परत घेतो.”

“तिकडे रांग आहे. आणि अर्ध्या तासात मी घरी पोचले नाही तर बाबा उठतील.”

बाबांचं छातीचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या सात लिहून दिल्या होत्या, पण जाताना बजावलं होतं की खरं औषध म्हणजे दुपारची दोन तास सलग झोप. ती झाली नाही तर बाकीचं सगळं पाण्यात. आणि ती घरी बसून कोर्टातल्या सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी टेबल, समोरच्या भिंतीशी बाबांची खाट, आणि टेबलावर तिचा जुना कीबोर्ड, जो पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजायचा. बाबा दर दहा मिनिटांनी दचकून उठत. संध्याकाळी त्यांचा चेहरा राखेसारखा दिसे.

हे सगळं तिने त्याला एका दमात सांगितलं. तो उठला, फळीवरून पाच सेट काढून आणले, आणि एकेका कीबोर्डला कान लावून कळा दाबू लागला. मग तिनेही कान लावला. भर दुकानात दोन माणसं कीबोर्डवर डोकं टेकवून बसली होती आणि त्यांच्यात वीतभरच अंतर होतं.

“हा?” तो कुजबुजला.

“काहीच ऐकू येत नाही.”

“मलाही नाही.”

“मग हाच!” ती म्हणाली. आणि निघताना सहज, “थँक्यू हं.”

बदलीवाला तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच राहिला. चार वर्षांत त्या काउंटरवर हा शब्द पहिल्यांदाच आला होता. तो कोणत्या रजिस्टरात लिहायचा हे त्याला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती खोकं घेऊन हजर.

“बदलून हवा.”

त्याने फॉर्म ओढला. “कारण?”

“आवाज करत नाही.”

पेन थांबलं. “तुम्ही तर...”

“माहितीय! पण आता बाबा दर पाच मिनिटांनी उठतात.”

त्याने फॉर्मवर नीट अक्षरात लिहिलं: ‘वस्तू निर्दोष. ग्राहकाचे वडील शांततेने जागे होतात.’ खाली सही केली, शिक्का मारला, आणि हळूच आवाज करणारा एक करडा सेट तिच्या हातात ठेवला.

पुढच्या आठवड्यात करडा सेट परत आला.

“आता काय झालं?”

“बाबा म्हणतात, घरात कोणीतरी परकं माणूस टाइप करतंय.” ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच अडलं. “कालपासून त्यांच्या पायांवर सूज आलीय. डॉक्टर म्हणाले, झोप. मी तरी काय करू? वाजवलं तरी उठतात, नाही वाजवलं तरी उठतात.”

मागे कुणीतरी मिक्सर घेऊन खाकरलं. बदलीवाल्याने त्या गृहस्थांना हाताने ‘एक मिनिट’ केलं.

“एक सांगा... उठल्यावर ते काय विचारतात?”

“काही नाही. ‘साहेब, आहेस ना?’ एवढंच. ते मला साहेब म्हणतात. जन्मभर कारकून होते, त्यामुळे प्रेमाचं संबोधन म्हणून दुसरं काही सुचत नाही त्यांना.”

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “म्हणजे त्यांना आवाजाचं काही नाहीच हो. जुना कीबोर्ड वाजायचा थांबला की ते उठायचे. तुम्ही आहात की नाही बघायला. तुम्ही पाठ करून खिडकीशी बसता. ते एकटेच पडतात.”

तिने करड्या सेटचं खोकं काउंटरवर टेकवलं.

“बिनतारी घेतलात ना तुम्ही?” त्याने तोच पहिला काळा सेट पुन्हा काढला. “लोक घेतात आणि टेबलावरच ठेवतात. अहो, हा नखाएवढा रिसीव्हर तिकडे कॉम्प्युटरला लावायचा, आणि कीबोर्ड दहा मीटरपर्यंत कुठेही. खाटेपर्यंत किती होतं?”

“तीन... साडेतीन.”

“मग झालं की! खाटेवर जाऊन बसा.”

मिक्सरवाले गृहस्थ म्हणाले, “खाटेवर बसायला सांगतोय, माझ्या मिक्सरचं कोण बघणार?” पण त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

बसवून द्यायला तो आपल्या सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी आला. स्क्रीन खाटेकडे वळवली. इतक्या लांबून दिसावं म्हणून अक्षरं अठ्ठेचाळीस आकाराची केली. समोरच्या गच्चीवरचा माणूससुद्धा साक्ष वाचू शकला असता. हेडफोनची तार चांगली लांब निघाली, आजवर नुसती गुंडाळूनच ठेवलेली. ती खाटेच्या कडेला टेकून बसली आणि टाइप करू लागली. बोटांचा थरथराट गादीतून बाबांपर्यंत पोचला असावा. बाबांनी एक बोट तिच्या कोपराला टेकवलं, डोळे मिटले... आणि थेट दोन तासांनी, चार वाजता उघडले.

“साहेब,” ते म्हणाले, “मी मेलो होतो काय गं?”

ती रडली. बदलीवाला स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायला, दोन ग्लास.

“तुमचे उपकार कसे फेडू?” दारात तिने विचारलं.

“फेडू नका. राहू द्या थोडे... मला परत यायला बरं पडेल.”

तो परत आला. पुढच्या सुट्टीला, कीबोर्डचे सेल तपासायला. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही सेलच. बाबांच्या पायांवरची सूज उतरली, गालांवर रंग आला, आणि सेलांची तपासणी काही संपेना. बाबा झोपलेले असायचे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. ती खाटेशी कीबोर्ड घेऊन, तो खिडकीशी माउस घेऊन. सेट दोघांत विभागला गेला होता.

एका दुपारी, जिन्यातल्या कुंडीवरून दोन शेजाऱ्यांचं कोर्टात चाललेलं भांडण टाइप करता करता, तिने मध्येच लिहिलं:

‘सेल वर्षभर चालतात. तुम्ही दर आठवड्याला का तपासता?’

अठ्ठेचाळीस आकारात तो प्रश्न फारच उघडा दिसत होता. बदलीवाल्याचे कान लाल झाले. त्याच्याकडे कीबोर्ड नव्हता. त्याने माउस हलवला. बाण साक्षीच्या ओळींवरून भटकला आणि एका शब्दावर थांबला. शब्द निळा झाला.

‘निमित्त.’

तिने ओठ दाबले. ‘आणि खरं कारण?’

बाण वर गेला, खाली गेला, तीन पानं मागे गेला. ती श्वास रोखून बघत होती. मग साक्षीदार क्रमांक दोनचं एक अख्खं वाक्य निळं झालं:

‘मला तिथे बरं वाटतं.’

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं — नजर फार वेळ ठेवली नाही, पण जेवढी ठेवली तेवढी पुरेशी होती. मग पुन्हा बाण सरकला आणि वकिलाच्या प्रश्नावर जाऊन बसला:

‘हो की नाही, एवढंच सांगा.’

कीबोर्ड आवाज करत नव्हता, पण तिच्या छातीत जे वाजत होतं त्याने अख्खी इमारत उठायला हवी होती. तिने दोन बोटांनी लिहिलं:

‘हो.’

खाटेवर बाबांच्या घोरण्याचा ताल एकदम चुकला. मग, जरा घाईघाईने, तो पुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती औषधं घेऊन परत आली, तेव्हा बाबा कुशीवर वळून अगदी शिस्तीत झोपले होते. कीबोर्ड त्यांच्या उशाशी होता. आणि स्क्रीनवर, भल्यामोठ्या अक्षरांत, कुंडीच्या दाव्याच्या खाली:

‘प्रति, मा. व्यवस्थापक.

विषय: कर्मचाऱ्यास दररोज दुपारी पगारी सुट्टी मिळण्याबाबत.

महोदय, आपल्या बदली काउंटरवरील कर्मचाऱ्याने अर्जदाराची झोप व अर्जदाराच्या मुलीचे हसू पूर्ववत करून दिले, त्याबद्दल अर्जदार आपला आजन्म ऋणी आहे. तथापि सदर कर्मचारी आठवड्यातून एकच दिवस येतो. उर्वरित सहा दिवस मुलगी दाराकडे बघत टाइप करते, त्यामुळे कुंडीच्या मालकाचे नाव आतापावेतो तीन वेळा चुकले आहे. तरी सदर कर्मचाऱ्यास रोज दुपारी दोन ते चार या वेळेत पूर्ण पगारी सुट्टी तहहयात मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती. सदर वेळेत अर्जदार गाढ झोपेत असेल, अशी लेखी हमी अर्जदार पूर्ण शुद्धीत व दोन्ही डोळे उघडे ठेवून देत आहे.’