चंद्रभागाबाईंचे दात

अड्याळच्या पुढे डांबरी रस्ता संपला की स्कूटी हळू चालवावी लागते. डिसेंबरात दोन्ही बाजूंना धानाचे पुंजणे रचलेले असतात आणि कापलेल्या बांध्यांमधून ओलसर, आंबूस वास येत राहतो. मी कर्करोगाच्या एका अभ्यासात काम करते. शिबिरात तपासलेल्या बायकांचं पुढे काय झालं, उपचार मिळाले का, त्या हयात आहेत का, हे घरोघरी जाऊन विचारायचं.

चंद्रभागाबाई हयात नसणार, असं धरूनच मी निघाले होते. शिबिरात त्यांचं तोंड मीच पाहिलं होतं. जन्मभर तंबाखूची गुडाखू घासून झिजलेले दात, उजवीकडच्या खालच्या दाढा पडलेल्या आणि गालाच्या आत कडा उचललेला व्रण. नागपूरला तुकडा तपासला, तर कॅन्सरच निघाला. ऑपरेशनला त्या तयार झाल्या नाहीत. पुढे फोनही लागला नाही.

अंगणात त्या सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"या जी, हर्षा मॅडम." त्यांचे पती तुलाराम खाटेवर ऊन घेत होते. "शुभांगी, चहा मांड वो."

सून दारातून डोकावली आणि माझ्याकडे न पाहता आत गेली.

"उपचार कुठे केले, आजी?"

"नाही केले." त्या सूप हलवत राहिल्या.

"आपोआप बरी झाली ना," तुलाराम घाईने म्हणाले.

तुकड्यांची अदलाबदल झाली असेल, किंवा ही बहीण असेल. मी आधार कार्ड मागितलं. चेहरा तोच होता. हनुवटीवरचं गोंदण मला शिबिरातलं आठवत होतं, तेही तेच. मग मी हातमोजे घातले, टॉर्च काढला.

त्यांनी तोंड उघडलं.

गालाची आतली बाजू गुळगुळीत, गुलाबी. तुकडा काढल्याची खूणसुद्धा नाही. तेवढं एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण उजवीकडे खाली दाढा होत्या. पांढऱ्या, धारदार कडांच्या, नुकत्याच उगवल्यासारख्या. सगळेच दात तसे होते. मी एक दात बोटाने हलवून पाहिला. कवळी नव्हती.

थंडी होती. बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती, तुलारामांच्याही. त्या उघड्या तोंडातून काहीच येत नव्हतं. हातमोज्याच्या आत माझं बोट गार पडलं.

"काहून एवढं पाहता जी?" तुलारामांचा आवाज विनवणीचा होता. "जेवते, खाते, घरात हिंडते. अजून काय पायजे?"

हात धुवायला शुभांगीने मला मागे नळावर नेलं. तांब्याने पाणी घालता घालता ती हळूच म्हणाली, "आत्याबाई गेल्या मॅडम, उन्हाळ्यात. मीच आंघोळ घातली. गावानं माती देल्ली."

"मग ही?"

"धान कापाच्या टायमाले बांधीतून चालत आल्या. मामाजीनं ताट वाढून देल्लं." तिने तांब्या खाली ठेवला. "मामाजीनं अन्न सोडलं होतं जी. आता जेवून राहिले. मेल्या म्हणून लिहू नका."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. त्या झोपतच नाही."

टॅबवर माझं बोट बराच वेळ अडलं. मग मी 'हयात' निवडलं.

निघताना चंद्रभागाबाई फाटकापर्यंत आल्या.

"घर कोठं तुमचं?"

"कारध्याला. वडील असतात तिथे."

"अन् माय?"

"नाही. गेल्या पावसाळ्यात गेली. छातीचा कॅन्सर होता."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग हसल्या.

"येऊन राहिली ना," त्या म्हणाल्या.

मी स्कूटी सुरू केली. मागे वळून पाहिलं नाही.

अड्याळच्या बाजारात चहाला थांबले. तेवढ्यात बाबांचा फोन आला. आई गेल्यापासून ते स्वतःहून कधी फोन करत नसत. मी केला तर हो-नाही एवढंच बोलत.

"कोठं आहेस बेटा?" आवाज मोकळा होता.

"अड्याळला. जेवलात का, बाबा?"

"नाही अजून." फोन बाजूला धरून त्यांनी कोणाला तरी काहीतरी विचारलं. हसले.

"ये लवकर," ते म्हणाले. "आमी जेवाचे थांबलो तुयासाठी."