मिठाच्या पलीकडं

दार नीट ओढून घ्या रे, वारा आत येतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बंदरावर माशाच्या रश्शाची खानावळ चालवणारा चिल-बोक तुमच्या ओळखीचा आहे. ही त्याचीच गोष्ट, पण त्याच्यासमोर कुणी काढायची नाही.

मागच्या नाही, त्याच्या आधीच्या सोल्लालची, नव्या वर्षाच्या सणाची, आदली रात्र. नव्या वर्षाच्या रश्शात घालायच्या तांदळाच्या वड्या आणायला चिल-बोक संध्याकाळी गिरणीत गेला. तिथं रांगेत सगळ्यांच्या तोंडी डॉक्टर हाम. ते पानगळीत गेले, त्यांच्याविना गावाचा हा पहिलाच सण. कुणाचं अडलेलं बाळंतपण, कुणाची मोडलेली बरगडी, स्कूटरवरून पार मिठागरापर्यंत येऊन दिलेली इंजेक्शनं... बायाबापड्या डोळे पुसत होत्या. चिल-बोक खाली मान घालून उभा. त्याच्या बायकोला, मल-सूनला, डॉक्टरांनीच मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं.

आणि यानं काय केलं होतं? साथीच्या वर्षी डॉक्टर एका आजारी म्हातारीला तपासून थेट याच्या खानावळीत आले. गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली. यानं त्यांना भरल्या ताटावरून उठवलं, आणि ते पायरी उतरतात तोच मागून मूठभर मीठ फेकलं. पीडा गेली की फेकतात, तसं. डॉक्टरांनी कोटावरचे खडे झटकले आणि निघून गेले. खाल्ल्या मिठाला जागणं राहिलं बाजूला, यानं मीठच फेकून मारलं. पुढं त्यांच्या अंत्ययात्रेला अख्खं गाव लोटलं, हा मात्र दार लावून घरात बसला. कुठल्या तोंडानं जाणार?

तर, वड्या घेऊन घरी आला तेव्हा त्याची चार वर्षांची नात, नारे, खोकत होती. कुत्रं भुंकावं तसा खोकला. तिचे आईबाप शहरातून सकाळी यायचे होते. रात्री दीडच्या सुमाराला पोरीचा श्वास अडायला लागला. आत ओढताना शिट्टी वाजायची. ओठ निळे पडत चालले. दवाखान्यात फोन केला, तर वाऱ्यामुळं पूल बंद आहे, मोक्पो शहरातून गाडी येऊ शकत नाही म्हणाले. मल-सून पोरीला छातीशी धरून नुसती रडत होती.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली.

दारावर टकटक.

"चिल-बोक... दार उघड."

आवाज ओळखीचा. चिल-बोकची पाचावर धारण बसली. सूड घ्यायला आले... पोरीला न्यायला आले. त्यानं स्वयंपाकघरातून मूठभर मीठ उचललं. दार जरासं उघडलं. डोळे मिटले. फेकलं.

मग कोट झटकल्याचा आवाज.

"बरं. आत नाही येत मी. पोरीला बाहेर आण. थंड हवेत."

चिल-बोक हलला नाही. उंबऱ्यावर मीठ. पलीकडं बर्फ. आणि...

"वेळ नाही रे तिच्याकडं."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं, असं तो म्हणतो. शरमेनं त्याचे कान तापले. मेलेला माणूस दारात उभा होता, आणि याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. त्यानं मल-सूनच्या हातातून पोर घेतली. गोधडीत गुंडाळली. उंबरा ओलांडला.

समोर बघवेना. तो बर्फात गुडघ्यांवर बसला. वारा... पोरीची शिट्टी... एक श्वास. दुसरा. मग एक लांब, मोकळा.

"डॉक्टरसाहेब, मी त्या दिवशी..."

मनगटावर काहीतरी टेकलं. गार. नाडी बघतात तसं.

"तू जेवलास का?"

भरल्या ताटावरून उठवलेला माणूस विचारत होता. चिल-बोक लहान पोरासारखा रडला. मान वर केली, तर रस्ता रिकामा.

सकाळी पूल उघडला. मोक्पोच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, थंड हवेत नेलंत तेच उपयोगी पडलं, कुणी सुचवलं? चिल-बोकनं पोरीची गोधडी नीट केली. पोरीला तपासून ती वळली आणि याच्याच हाताकडं बघत राहिली. ज्यानं मीठ फेकलं तोच उजवा हात. मनगटावर ओळीनं तीन बोटांचे पांढरेफटक ठसे.

भर उन्हाळ्यात, चुलीपुढंसुद्धा, तो बाही वर करत नाही. एकदा मला त्यानं हात लावू दिला. ठसे अजून गार लागतात.