चौऱ्याऐंशीला थरथरणारं दार

देवमाशाचं गाणं लावलं, की विज्ञानगाडीच्या डाव्या दारातून खरखर यायची. पाखरांचे आवाज लावले, तर दार अगदी गप्प.

साल होतं २०४३. ध्वनिशास्त्रज्ञ हेमांगीमावशी ही विजेवरची गाडी घेऊन गावोगावच्या शाळांत आवाजाचे प्रयोग दाखवायची. आदल्याच दिवशी तिने दारांत नवे, मोठे स्पीकर बसवले होते. अकरा वाजता पाटणजवळच्या शाळेत कार्यक्रम होता आणि आता सव्वानऊ झाले होते.

"रुणू, खरखर नेमकी कुठून येते?" तिने विचारलं.

रुणू म्हणजे गाडीतला छोटा यंत्रमानव. त्याला सहा कान होते. "सगळ्या दारातून," तो म्हणाला. "पत्रा आवाज पसरवतो. मला जागा सांगता येत नाही."

मावशीची अकरा वर्षांची भाची मुक्ता दाराला टेकून उभी होती. तिला कमी ऐकू यायचं. खरखरीने कान किटले म्हणून तिने श्रवणयंत्र काढून ठेवलं होतं. "मावशी, ती खरखर मला हाताला जाणवते," ती म्हणाली. "मी शोधू?"

रुणू जाड सुरापासून एकेक सूर वाजवू लागला. मुक्ताने दारावर बोटं ठेवली. सेकंदाला साठ कंपनं, मग सत्तर, ऐंशी. चौऱ्याऐंशीला दार एकदम थरथरलं. नव्वदला पुन्हा शांत.

"असं का?" मुक्ताने विचारलं.

मुक्ताला ओठ वाचता यावेत म्हणून मावशी समोर बसून सावकाश बोलली. "झोका कधी ढकलतेस?"

"तो परत आला की."

"म्हणून तर छोट्या धक्क्यांनीही तो उंच जातो. या पत्र्याची स्वतःची वारंवारता (एका सेकंदात होणारी कंपनं) चौऱ्याऐंशी आहे. स्पीकरने तेवढेच धक्के दिले, की पत्रा जोरात हलतो. हा अनुनाद (ताल जुळल्यामुळे वाढत जाणारं कंपन). पाखरांच्या बारीक सुरांशी त्याचा ताल जुळत नाही."

"पण हलणं वेगळं, खरखर वेगळी," मुक्ता म्हणाली. "काहीतरी त्याच्यावर आपटतंय."

मावशीने मान डोलावली. "खरंच की. ते माझ्या लक्षातच आलं नाही."

रुणूने चौऱ्याऐंशीचा सूर धरून ठेवला. मुक्ता थोडं थोडं सरकत दार दाबत गेली. खिडकीच्या बटणाखाली दाबल्यावर बोटांना जाणवणारी टकटक थांबली.

"इथे."

आतलं आवरण उघडलं, तर स्पीकरची नवी वायर मोकळी लोंबत होती. "चिमटा लावायचा माझ्याकडूनच राहिला," मावशी हसत म्हणाली. मुक्ताने वायर स्पंजमध्ये गुंडाळून चिमट्यात बसवली. पत्र्यावर कंपनं शोषून घेणारी जाड रबरी पट्टी चिकटवली. मग देवमासा शेवटपर्यंत गायला आणि दार गप्प राहिलं. मुक्ताने श्रवणयंत्र पुन्हा कानात घातलं.

वाटेत नदीच्या पुलावर मुक्ताने गाडी थांबवायला लावली आणि कठड्यावर तळहात ठेवला. शेजारून एक ट्रक गेला.

"पुलाचीही वारंवारता असते?"

"असते. ती बदलली, तर पूल कुठे कमजोर होतोय का ते शोधता येतं. पण तसं तपासणारी माणसं अजून थोडीच आहेत. चल, उशीर होईल."

मुक्ताने हात काढला नाही. "अजून एक ट्रक जाऊ दे," ती म्हणाली. "मग निघू."