चादरीमागचा हात

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, ग्रॉन्या गावातल्या दुकानात द्राक्षं आणायला गेली. द्राक्षं, सफरचंदं, भुईमुगाच्या शेंगा, आणि मनुकांचा तो गोड पाव, ज्याच्या पोटात अंगठी घालून भाजतात. लीट्रिम परगण्याच्या त्या भागात लहान मुलं असलेल्या घरी हॅलोविनला एवढं तरी लागतंच. बाहेर बारीक पाऊस होता, आणि आदल्याच आठवड्यात घड्याळं तासभर मागे केल्यामुळे उजेड आत्ताच ओसरायला लागला होता.

दुकानातली बर्नी पिशवी भरता भरता म्हणाली, "द्राक्षं सोलणार वाटतं? म्हणजे यंदाही हाताचा खेळ आहे."

"यंदा कुणाला बोलावलं नाही गं. घरच्या घरीच. दोन पोरं आणि आम्ही दोघं."

"अरेरे. माझी नात वर्षभर त्याच हाताचं सांगते. म्हणे मेलेल्या बाईचा खराखुरा हात होता. कसा केला होतास तो? मेणाचा?"

"हं," ग्रॉन्या म्हणाली. "मेणाचाच."

गाडीत येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. तिनं काच खाली केली, पाऊस आत आला तरी तशीच ठेवली, आणि घरापर्यंत हळूहळू गाडी चालवत गेली.

मेणाचा नव्हता तो. तो डिम्पना आत्यांचा होता.

डिम्पना आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कॉलमच्या, वडिलांची बहीण. कॉलमची आई तो पाच वर्षांचा असताना गेली आणि या अविवाहित आत्यानं त्याला वाढवलं. शेवटची चार वर्षं त्या यांच्याकडेच होत्या. सत्त्याऐंशी वय. आठवण जवळजवळ गेलेली. ग्रॉन्याला त्या कधी धाकटी बहीण समजत, कधी नर्स. त्रास मात्र कुणाला द्यायच्या नाहीत. खिडकीशी बसून राहायच्या. त्यांचे हात बारा महिने थंडगार असत, लांब बोटांचे, हाडांवर नुसती कातडी.

मागच्या हॅलोविनला ग्रॉन्यानं थोरल्या मुलीच्या, नेसाच्या, वर्गातली बारा मुलं घरी बोलावली होती. स्वयंपाकघर आणि मागची धुण्याची खोली यांच्या मधल्या दारात तिनं एक जुनी चादर ठोकली आणि तिला चार भोकं पाडली. मुलांनी डोळे मिटून हात घालायचा. पहिल्या भोकात सोललेली द्राक्षं, म्हणजे डोळे. दुसऱ्यात गार शेवया, म्हणजे आतडी. तिसऱ्यात ओला स्पंज, म्हणजे मेंदू. चौथ्यात काय ठेवावं ते तिला सुचत नव्हतं. आणि त्याच वेळी डिम्पना आत्यांनी चहाचा कप घेताना तिच्या मनगटाला हात लावला.

एवढंच झालं होतं. हसू आलं तिला. चादरीमागे तिनं खुर्ची ठेवली.

"आत्या, इथे बसा. पोरं येणार आहेत. त्यांना जरा हात द्यायचा."

"पोरं येणार?" आत्या म्हणाल्या, आणि उठून, कुणी न सांगता, आपलं निळं चांगलं स्वेटर घालून आल्या. मोत्यांची बटणं होती त्याला.

मुलांनी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. चौथ्या भोकात हात गेला की पोर जे ओरडायचं, ते थेट अंगणात. आलेल्या आया हसून हसून भिंतीला टेकल्या. कसा केलास, काय घातलंस आत, विचारायला लागल्या. ग्रॉन्या नुसती हसत राहिली. नेसा तेवढी रडली, शेवटच्या भोकापर्यंत गेलीच नाही. धाकटा टाइग तीन वर्षांचा होता, तो कोचावर झोपून गेला. मग सफरचंदांचा खेळ झाला, पाव कापला, अंगठी कुणाला निघाली त्यावर भांडण झालं, पाहुणे गेले, भांडी घासून झाली. साबणाचे हात पुसताना ग्रॉन्याची नजर चादरीकडे गेली.

चौथ्या भोकातून हात बाहेर होता. तसाच, तळवा वर करून.

मागची ती खोली कधी तापत नसे. मागच्या दाराखालून वारा येई, फरशी ओली असे. आत्यांचे ओठ त्यांच्या स्वेटरच्या रंगाचे झाले होते.

"अजून कुणी राहिलंय का?" त्यांनी विचारलं. आणि तिनं त्यांना उठवताना, "सगळी हात सोडून का जातात गं?"

पावणेदोन तास. ओव्हनवरचं घड्याळ समोरच होतं, हिशेब करावा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना खोकला धरला. डॉक्टरांनी घरी येऊन छाती तपासली, आणि विचारलं, कुठे थंडीत राहिल्या होत्या का? कॉलम पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. ग्रॉन्या म्हणाली, "नाही." नोव्हेंबरच्या विसाव्या दिवशी आत्या गेल्या. वयच झालं होतं, असं सगळे म्हणाले. कॉलमही म्हणाला. ग्रॉन्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सँडविचं वाटली, आणि बायकांनी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, तू फार केलंस त्यांचं.

आज दुकानातून ती घरी पोचली तेव्हा शेजारची मुलगी, जी पोरांजवळ बसली होती, निघून गेली. आणि पाहते तर नेसानं कपाटातून चादर काढली होती. चार भोकांची.

"आई, यंदा मी सात वर्षांची आहे," नेसा म्हणाली. "यंदा मी शेवटपर्यंत जाणार."

"यंदा आपण सलगमचे कंदील करू. तो खेळ नको."

"तू काल म्हणालीस करू. द्राक्षं पण आणलीस."

म्हणाली होती खरं. काल रात्री नेसा हट्टाला पेटली तेव्हा तिनं भांडी घासायचा पिवळा रबरी हातमोजा पाण्यानं भरला, मनगटाशी गाठ मारली आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तिला वाटलं होतं, एकदा असा खोटा हात त्या भोकात ठेवला, पोरं हसली, की ते भोक पुन्हा नुसतं भोक होईल.

तिनं चादर ठोकली. खिळ्यांची जुनी भोकं चौकटीत होतीच, शोधावी लागली नाहीत. मागच्या खोलीत कपडे धुवायच्या यंत्रावर बशा मांडल्या, द्राक्षं, शेवया, स्पंज. मधेच टाइगनं कंदिलाचं झाकण वातीवर पाडलं, करपलेल्या सलगमचा उग्र वास सुटला, ती तिकडे धावली. परत आली तोवर पोरं डोळे मिटून चादरीसमोर उभी होती.

"दिवा बंद कर, आई."

तिनं बंद केला. खिडकीबाहेर साडेपाचलाच पुरता काळोख झाला होता. चुलीत जळणाऱ्या पीटचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या ढेपांचा, तांबडा उजेड तेवढा चादरीवर हलत होता.

टाइगनं पहिल्या तीन भोकांत कोपरापर्यंत हात खुपसले आणि प्रत्येक वेळी "ईई" केलं. चौथ्यात त्याचा हात गेला, आणि तो गप्प झाला. किंचाळला नाही, मागेही सरला नाही. थोड्या वेळानं त्यानं मान हलवली, मोठं माणूस काही विचारतं तेव्हा लहान मूल हलवतं तशी.

"टाइग? गार आहे ना?"

"गार आहे," तो म्हणाला. "मऊ पण आहे."

मग नेसा. तिनं श्वास रोखून हात घातला. तिचा चेहरा ग्रॉन्याला बाजूनं दिसत होता. आधी भीती होती, मग ती गेली, आणि मग नेसानं मान वळवून आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. पुन्हा चादरीकडे पाहिलं. नंतर तिनं हात ओढला. एकदम आला नाही. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा आला.

"मस्त केलंस," नेसा हळूच म्हणाली. पण हसली नाही. "झाला खेळ. आता पाव खाऊ या."

ग्रॉन्यानं दिवा लावला. पोरांना टेबलाशी बसवलं. लोणी घ्यायला फ्रिज उघडला, लोणी संपलं होतं, म्हणून साठवणीतलं काढायला तिनं वरचा बर्फाचा कप्पा उघडला.

पिवळा हातमोजा तिथंच होता. वाटाण्याच्या पिशवीवर उताणा, बर्फानं टणक झालेला.

त्या वासाच्या गडबडीत ती तो न्यायलाच विसरली होती.

तिनं कप्पा बंद केला. लोणी टेबलावर ठेवलं, पावाचे दोन तुकडे कापले. मग ती चादरीपाशी गेली आणि एका कडेनं ती उचलली. यंत्रावर तीन बशा होत्या. चौथ्या भोकामागे काही नव्हतं, फरशी आणि वारा. खुर्ची तिनं ठेवलीच नव्हती.

चादर सोडून ती खाली बसली, पोरांकडे पाठ करून, आणि चौथ्या भोकातून आपला हात आत घातला.

"आत्या," ती म्हणाली. इतक्या हळू की तिचं तिलाच ऐकू आलं नाही. "आत्या... मी आहे."

कुणी हात धरला नाही. पोरांना मिळालं ते तिला मिळणार नव्हतं. हे तिला कळलं, आणि कळल्यावरही तिनं हात काढला नाही. बोटं बधिर झाली, मग मनगट. मागे टाइग अंगठी सापडली म्हणून सांगत होता. "छान," ती म्हणाली. "बोटात घाल." खांदा दुखायला लागला. ओव्हनवरच्या घड्याळाकडे ती पाहत नव्हती, तरी किती वाजले असतील ते तिला कळत होतं.

सातला कॉलम लाकडाच्या गिरणीतून आला. अंगावर भुसा, बुटांना चिखल. दारातच थांबला.

"काय करतेस तू?"

"पोरांना आत जाऊन कार्टून लावून दे," ती म्हणाली. "मग इकडे ये. मला सांगायचंय."

तिनं तशीच बसून सांगितलं. मेणाचा हात नव्हता हे सांगितलं, निळ्या स्वेटरचं सांगितलं. कॉलम बूट न काढता खुर्चीवर बसून ऐकत होता.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"पावणेदोन तास."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होतो."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

त्यानं तळव्यांवरचा भुसा झटकला. "मला शाळेला सोडताना ती फाटकापर्यंत हात धरून यायची," तो म्हणाला. "मोठा झालो तरी. पोरं चिडवायची मला. एकदा मी सगळ्यांसमोर झिडकारला तिचा हात." तो उठला. "मी आज तुला काही बोलू शकणार नाही, ग्रॉन्या. उद्याही नाही कदाचित."

त्यानं चादरीचे खिळे उपटले, तिची नीट घडी घातली, आणि ती कुठं ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून मागच्या खोलीत उभा राहिला.

आज पोरांनी धरलेल्या हाताचं मात्र तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर आपण त्यात स्वतःसाठी दया शोधतोय असं वाटेल, अशी तिला लाज वाटली.

साडेआठला तिनं पोरांना झोपवलं. टाइग लगेच झोपला, अंगठी घातलेलं बोट तोंडात धरून. तिनं ती हळूच काढून घेतली. नेसा जागी होती.

"आई. तो पिवळा हातमोजा फ्रिजमधेच होता ना? मी पाहिला, तू लोणी काढलंस तेव्हा."

ग्रॉन्या पलंगाच्या कडेवर बसली. अखेर तिनं विचारलं, "नेसा... तो हात आत्यांचा होता का?"

"छे." नेसाला ते अगदी उघड वाटलं. "आत्याची बोटं लांब होती. हा तुझा होता."

"मी तर तुझ्या शेजारी उभी होते, बाळ."

"हो ना. म्हणून तर मी वळून पाहिलं." ती जांभई देत होती. "पण करंगळी वाकडी होती."

ग्रॉन्याची डावी करंगळी लहानपणी गोठ्याच्या फाटकात चेंगरली होती. ती बाहेरच्या बाजूला वाकून जुळली.

"फक्त कातडी सैल होती," नेसा म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांची असते तशी. आणि सोडत नव्हता. मी माझा हात ओढला तेव्हा आतून तुझाच, पण म्हातारा आवाज आला, जा तू, लांबचा रस्ता आहे तुला, अंधाराच्या आत पोच."

"कुठला रस्ता?"

"मला काय माहीत," नेसा म्हणाली, आणि डोळे मिटले.

ग्रॉन्या तिचा हात धरून अंधारात बसून राहिली. खाली कॉलमच्या बुटांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, इकडून तिकडे. थोड्या वेळानं, गाढ झोपेत, नेसानं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि भिंतीकडे वळली.